लोणी गप्प होतं तेव्हा

लोणी कढायला ठेवलं की आधी ते भरपूर बडबडतं. पातेल्याच्या कडेनं तडतडतं, मध्येच उसळी घेतं, पांढराशुभ्र फेस पार काठापर्यंत आणून आपल्याला घाबरवून सोडतं. आत दडलेल्या ताकाचा अखेरचा थेंब उडून जाईस्तोवर ही बडबड चालते आणि मग एकाएकी ते गप्प होतं. तुम्ही ऐकली आहे कधी ही शांतता? फेस विरतो, खाली नितळ सोनेरी दिसू लागतं, तळाशी बेरी बदामी रंग धरते, आणि त्या निःशब्द घटकेला जो सुगंध उठतो त्याला नाव तरी काय द्यावं! मात्र त्याचं आयुष्य अगदी थोडं असतं. जरा दुर्लक्ष झालं की त्याचाच करपट वास होतो. माझी बायको सुमन ही घटका वर्षानुवर्षं नाकानं ओळखत आली होती. लोणी गॅसवर ठेवून ती खुशाल पुढच्या सोप्यात लसूण सोलत बसायची आणि तिथूनच ओरडायची, "बंद करा ओ तेवढा गॅस!" मी उठून जाऊन बघावं, तर तूप नेमकं झालेलं असायचं.

त्या नाकाला गेल्या पावसाळ्यात दृष्ट लागली. ताप आला, गेला, अंगात ताकद आली, सगळं पूर्ववत झालं. वास तेवढा परतला नाही. वासामागून चवही गेली. जिभेला तिखट-मीठ कळायचं, पण त्यापुढचं सारं विश्व पुसून गेलं. साखर कारखान्यावरून एसटी जाताना मळीच्या वासानं आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून बसलो होतो, आणि ही बाई खिडकीतून निवांत ऊस बघत होती. मला आधी हसू आलं, मग मीही रुमाल खाली घेतला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, ओळखीचे वास घेत राहा. सुमन म्हणाली, "कशाचा वास घेऊ? समदं पाण्यागत लागतंय." मलकापूरकडच्या गोठ्यात वाढलेली ही मुलगी; वैरण ओली की सुकी, दूध सकाळचं की संध्याकाळचं, हे डोळे मिटून सांगणारी. ती आता जेवायला बसायची ती केवळ वेळ झाली म्हणून.

मी निवृत्त मराठीचा मास्तर. संकट आलं की उपाय सुचण्याआधी मला सिद्धान्त सुचतो, हा माझा जुना आजार. माझा सिद्धान्त असा, की अन्नातला गंध स्निग्धतेच्या पाठीवर बसून येतो. लसूण कच्ची असते तेव्हा नुसती उग्र. तेलात पडली की अख्ख्या गल्लीला निमंत्रण धाडते. तेव्हा सुमनचा हरवलेला गंध कुठे सापडायचाच असेल, तर तो कुठल्यातरी तेला-तुपातच सापडणार, असं मी ठरवून टाकलं आणि स्वयंपाकघरात वाट्या मांडल्या. गरम भाताचे मुटके करायचे, प्रत्येकावर वेगळा स्नेह घालायचा आणि तिच्यापुढे ठेवायचा. "बारशाला बोलावल्यागत काय मांडलंय हे?" ती म्हणाली. तरी बसली बिचारी.

पहिला मान घाण्याच्या शेंगतेलाचा. काय तेल आहे महाराजा! हिरव्या मिरचीच्या खर्ड्यावर कच्चंच ओतावं, भाकरीचा तुकडा फिरवावा, आणि भाजल्या शेंगांचं अख्खं शेत तोंडात उतरावं. करडीचं तेल त्याहून अबोल, किंचित कडवट. त्याची गोडी पहिल्या घासाला कळतच नाही, सवयीनं कळते. पाकिटातल्या पिवळ्या बटरला मी एरवी नाक मुरडतो, पण पावभाजीच्या तव्यावर त्या खारट उथळपणाचंही एक राज्य असतं, ते नाकारून कसं चालेल? लोणी-डोशावरचा तो पांढरा गोळा मात्र निराळ्याच कुळातला. किंचित आंबूस, थंड, डोशाच्या उष्णतेनं लाजून वितळणारा. आणि वनस्पती तूप! त्याला गंध नाही, केवळ टाळूला चिकटण्याची चिकाटी आहे. पण लहानपणीच्या लग्नपंगतीतले बुंदीचे लाडू त्याचेच होते, त्यामुळे त्याच्याशी मला फार कठोर होता येत नाही. आपल्याला आवडणाऱ्या चवींपैकी खरोखर चांगल्या किती आणि नुसत्याच जुन्या ओळखीच्या किती, कोण सांगणार?

तुपाच्या बाबतीत तर आमच्या गल्लीत दोन पक्ष आहेत. शेजारच्या चौगुलेकाकू जैन. दिवस मावळायच्या आत त्यांची जेवणं उरकतात, म्हणून त्या दुपारीच गाईच्या तुपाची वाटी घेऊन आल्या. पिवळं, पातळ, सात्त्विक तूप. ते नाकात अलगद शिरतं, गाजावाजा करत नाही. मी म्हशीच्या पक्षाचा. आमच्याकडे संध्याकाळी दूध-कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढतात आणि उबदार फेसाळ पेला तिथंच हातात देतात. ज्या गावाचं दूध असं, त्या गावाच्या माणसानं रवाळ, घट्ट, पांढऱ्या तुपाशी बेइमानी करावी तरी कशी? काकूंशी माझा वाद चांगलाच रंगला. सुमन आळीपाळीनं एकेक मुटका खात होती. शेवटी तिनं ताट सरकवलं. "हे मऊ, हे चिकट, हे जरा गार. एवढंच कळतंय ओ. उगं भात वाया घालवू नगा." काकूंनी आपली वाटी झाकली. माझा सिद्धान्त गप्प झाला.

दिवाळीनंतर आमची मेघा बाळंतपणाला माहेरी आली आणि घरात नात जन्मली. तिची आंघोळ आटोपली, शेकशेगडी झाली, टाळू भरली, आणि दुपट्यात गुंडाळलेलं ते गाठोडं सुमनच्या मांडीवर आलं. तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास! तेल, दूध, उबदार कातडी आणि वर आणखी काहीतरी, जे माझ्या साऱ्या शब्दभांडारात नाही. सुमननं नाक टेकवलं. पुन्हा टेकवलं. मग बाळ मेघाकडे देऊन ती परसात निघून गेली. मी मागून गेलो, तर धुण्याच्या दगडावर बसून हमसून हमसून रडत होती. "लोण्याचं न्हाई तर न्हाई, पण पोरीच्या टाळूचा वास बी न्हाई मला? कसली आज्जी मी?" मी तांब्याभर पाणी आणून तिच्यापुढे ठेवलं. खरं सांगतो, मला तेव्हा तिच्या नाकाचा नाही, साऱ्या दैवाचाच राग आला.

बाळंतिणीसाठी घरचं तूप हवं. साय साठली होती, विरजणही लागलं होतं, पण सुमननं कढवायला साफ नकार दिला. "माझ्या हातनं करपायचं. पोरीच्या तोंडात ते घालू?" मग ताक मीच केलं, लोणी मीच काढलं आणि पातेल्यासमोर उभा राहिलो. सुमन सोप्यात नातीला मांडीवर घेऊन बसली होती. लोण्याची बडबड सुरू झाली. आता खरं तर नजर पातेल्यावर ठेवायची, पण माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल. मी विचारात पडलो. गवत म्हशीच्या पोटात जातं, त्याचं दूध होतं, दुधाची साय, सायीचं दही, दह्याचं लोणी. इतकी रूपं टाकत टाकत ते गवत तुपापर्यंत येतं आणि तरी कुठेतरी कुरणाचा गंध जपून ठेवतं. मग माणसाच्या आतलं जे हरवलं म्हणतो, ते खरंच हरवतं का? की तेही कुठल्यातरी रूपात वाट बघत थांबतं? वा! मी स्वतःवरच खूश झालो. लोणी केव्हा गप्प झालं, मला पत्ताच नाही.

"ओऽऽ! तूप लागलं की! बंद करा ओ तेवढा गॅस!"

मी दचकून बटण फिरवलं. बेरी बदामीची पार तपकिरी झाली होती. पातेलं उतरवलं, चिमट्यानं धरलेलंच राहिलं, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. सोपा कुठं, स्वयंपाकघर कुठं! मधे दोन दारं. मी तसाच बाहेर गेलो. मेघा खोलीतून उठून दाराशी आली होती. सुमन मांडीवरच्या पोरीला घट्ट धरून माझ्याकडे बघत होती, आपण काय बोललो ते आत्ता कुठं कळल्यासारखी. "करपट," ती पुटपुटली, "करपट येतोय ओ." मी आनंदानं ओरडणार होतो, पण तिनं हात वर करून मला थांबवलं. तिला घाई करायची नव्हती. भीतीच होती ती, दुसरं काय! तिनं हळूच मान लववली, नातीच्या टाळूवर नाक टेकवलं, डोळे मिटले. बाळानं तेवढ्यात एक जांभई दिली.

"आई, येतोय का गं?" मेघाच्यानं राहवेना.

सुमननं डोळे उघडले. ते भरून आले होते, पण आवाज पूर्वीसारखाच खणखणीत होता. "खोबऱ्याचं तेल हाय. खवट! कुठनं आणलं हे? माझ्या नातीला असलं लावता व्हय? उद्याच्या उद्या घाण्यावरनं नवं घेऊन या."

एवढी गोड बोलणी मी आयुष्यात खाल्ली नव्हती. तेल मी उद्यावर टाकलं नाही, पायात चपला सरकवून तेव्हाच निघालो. ते तपकिरी तूप आम्ही टाकलं नाही. मेघासाठी दुसरं केलं आणि हे करपलेलं आम्ही दोघांनी गरम भाकरीवर संपवलं. दर घासाला सुमन त्याला नावं ठेवायची आणि मी दर घासाला आणखी वाढून घ्यायचो. सगळे वास अजून आलेले नाहीत. मोगरा आला नाही, काकूंच्या गाईच्या तुपाचा हलका गंध कधी येतो, कधी नाही. पण येतील. आता लोणी कढवायला मीच ठेवतो. ते बडबडतं, तोवर मीही काहीबाही बडबडतो. ते गप्प झालं की मीही गप्प होतो, आणि पातेल्याकडे न बघता सोप्यातून हाक येते का, ते ऐकत राहतो.