मासे खाताना बोलू नये

दिल्लीला समुद्र नाही, ही गोष्ट इथे पस्तीस वर्षं काढूनही कबूल न करणारा एकच माणूस मला माहीत आहे. ते म्हणजे आमच्या हिचे मामा. मूळचे मालवणकडचे, लग्न न केलेले, केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यात सेक्शन ऑफिसर. सरोजिनी नगरच्या तळमजल्यावरच्या क्वार्टरमधून दर रविवारी ते मासळीबाजाराला निघत, ते खरेदीला नव्हे, तपासणीला. कल्ले उघडून बघत, नाक खुपसून वास घेत आणि विक्रेत्याला आपल्या मालवणी हिंदीत विचारत, "अरे भाई, ये सुरमई रिटायर होके कितना साल हुआ?" तो हसे, मामा हसत नसत. क्वार्टरच्या मागच्या अंगणात त्यांनी काकडी आणि तोंडली लावली होती. मे महिन्यात लूचे तापलेले वारे सुटले की डोक्याला ओला पंचा गुंडाळून ते वेलांना जुनी चादर पांघरायला धावत आणि आम्हाला मात्र म्हणत, "तुम्ही बसा पंख्याखाली, नाजूक माणसं!"

ही आणि हिचा भाऊ, दोघंही कॉलेजसाठी दिल्लीला आली ती याच क्वार्टरमध्ये. पाच-सहा वर्षं मामांनी त्यांना जेवू घातलं आणि तेवढंच छळलं. मी पुण्याचा, वरणभातावर वाढलेला. मला काटे काढायला मामांनीच शिकवलं, तेही चारचौघांत अब्रू काढून. त्यांच्या घरात कायदा एकच: मासे खाताना बोलू नये, काटा अडकतो. एकदा मी माझ्या साहेबांना तिथे जेवायला नेलं. साहेब पहिल्याच घासाला बदल्यांबद्दल बोलू लागले. मामांनी शांतपणे त्यांच्यापुढचं ताट उचललं. "आधी बोलून घ्या. मग वाढतो." साहेबांनी पुढे माझ्याशी महिनाभर कामापुरतंच बोलणं ठेवलं.

मामा निवृत्त झाले. क्वार्टर रिकामं करायला मिळालेली मुदतही संपत आली, तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. कैरी घातलेलं बांगड्याचं तिखलं, तळलेली सुरमई, अंगणातल्या काकडीची कोशिंबीर, तोंडल्याची भाजी, सोलकढी आणि नंतर गार खरबूज. पानं वाढेपर्यंत नुसता दंगा चालला होता. मेहुणा मामांच्या हिंदीची नक्कल करत होता आणि मामा त्याला हातातला झारा दाखवत होते. मग सगळे गप्प होऊन जेवू लागले. आणि दुसऱ्या-तिसऱ्या घासाला मामा स्वतःच बोलले.

"पंधरा दिवसांत चावी द्यायचीय. मी काय म्हणतो, पुढे मी राहू कुठे?"

मेहुणा बांगड्यावर वाकला. हिने माझ्याकडे पाहिलं. नोएडात आमची तिसरी खोली रिकामी होती, तिला आम्ही स्टडी म्हणायचो आणि तिथे इस्त्रीचे कपडे पडलेले असायचे. मी नुसती मान हलवली असती तरी ही बोलली असती. पण मला दिसलं आमचं नवं कोरं स्वयंपाकघर, त्यात माशांचा वास आणि रोज उठून मामांचे हुकूम. मी ओठांवर बोट ठेवलं आणि हसत म्हणालो, "मामा, मासे खाताना बोलू नये!"

सगळे हसले. मामाही हसले. "बिल्कुल, बिल्कुल. चूक झाली, जावईबापू," म्हणाले आणि सुरमईची मधली तुकडी माझ्या पानात वाढली. ती मी चवीनं खाल्ली, याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते. नंतर खरबूज झालं, निरोप झाले, पण तो प्रश्न पुन्हा कोणीच काढला नाही.

त्यांनी गाझियाबादला एक खोली घेतली. मालकाची अट होती, घरात मांसमच्छी चालणार नाही. हिने माझ्याशी अबोला धरला, तेव्हा कुठे मी त्यांना आणायला गेलो. "विचारलंत, बरं वाटलं. पण आता नको," एवढंच ते म्हणाले.

आता ते महिन्यातून एकदा आमच्याकडे जेवायला येतात. आधी फोन करतात, दारात उभे राहून "येऊ ना?" विचारतात, बसा म्हटल्याशिवाय बसत नाहीत. परवा हिच्या हातून कालवणात दुप्पट मीठ पडलं. पहिला घास घेतला आणि आम्ही दोघंही हातचं सोडून मामांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आता ते ओरडतील, ताट सारतील, दोघांचीही अब्रू काढतील. माझी तर मनापासून तशी इच्छा होती.

"छान झालंय हो," मामा म्हणाले आणि त्यांनी आणखी थोडा भात मागितला.