सव्वादोनची मूठ

घरात पिस्तूल येणार असं ठरल्यावर मी पहिली काळजी केली ती ते ठेवायचं कुठे याची. ते हातात नीट बसेल का, हा प्रश्न मला पडलाच नाही. माझ्या काळज्या नेहमीच अशा चुकीच्या दाराशी रांग लावून उभ्या असतात.

पिस्तूल बायकोसाठी होतं. ती झरीच्या बाजूला एका आश्रमशाळेत खेळाची शिक्षिका आहे. वीस वर्षं तिने कबड्डी आणि खो-खो शिकवला. त्या वर्षी वरून निरोप आला की शाळेत नेमबाजी सुरू करायला सामान मिळेल, पण शाळेतल्या एका शिक्षकाने आधी डहाणूला दीड महिन्याचा रविवारचा वर्ग करायचा आणि शेवटच्या परीक्षेत चारशेपैकी तीनशे वीस गुण मिळवायचे. नाही मिळाले तर सामान दुसऱ्या शाळेला. बाकीच्या मास्तरांनी आपापली पाठदुखी पुढे केली. हिने हात वर केला. अकरा मुलींनी नावं दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या उजव्या हातात धरून, हात सरळ पुढे करून, शाळेच्या व्हरांड्यात उभ्या राहायला लागल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पिस्तूल तेवढंच जड असतं.

माझं मात्र एकाच शब्दावर अडलं. "अगं, पिस्तूल? आपल्या घरात?"

"हवेवरचं असतं हो. छर्रे उडवतं. परवानापण लागत नाही."

"दिसतं तर पिस्तुलासारखंच ना?"

"मग काय चकलीच्या साच्यासारखं दिसायला हवं?"

पहिल्या रविवारी मी तिच्याबरोबर डहाणूला गेलो. एक लांबट हॉल, दहा मीटरवर कागदी चकत्या, आणि रेतीच्या पोत्यासारखा शांत असा एक शिक्षक. त्याने सगळ्यांना क्लबातलं जुनं पिस्तूल आळीपाळीने धरायला दिलं आणि सांगितलं, "विकत घेताना एकच बघा. डोळे मिटा, हात वर करा, डोळे उघडा. पिस्तुलावरचं पुढचं आणि मागचं निशाण आपोआप एका रेषेत दिसलं तर ते तुमचं. मनगट वळवून जुळवावं लागलं तर नाही. चप्पल पायात घालून बघता ना? तसं. दुसऱ्या कुणाला आणायला सांगू नका."

हे शेवटचं वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. मागे भिंतीला टेकून उभा होतो, मानसुद्धा डोलावली होती.

पण दुकान सुरतेला. हिला शाळेतून सुट्टी मिळेना, आणि पुढच्या रविवारपर्यंत प्रत्येकाने आपलं पिस्तूल आणायचं होतं. तेव्हा मी म्हणालो, "तू कशाला धावपळ करतेस? मी बघतो."

इथे माझ्या धंद्याविषयी सांगायला हवं. तलासरीत कचेरीच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे अर्ज भरून देतो. जातीचा दाखला असो, विहिरीची योजना असो, कुठलाही अर्ज मी डोळे झाकून भरतो, आणि पंचवीस वर्षांत मला एक खोड लागलीय: रिकामा रकाना बघवत नाही. रिकामा रकाना म्हणजे अर्ज परत. सुरतेच्या दुकानदाराने मोबाइलवर जो अर्ज पाठवला त्यात सगळं भरून झालं, आणि खाली एक रकाना उरला. मुठीचं माप. लहान, मध्यम, मोठं.

मी दुकानदाराला फोन लावला.

"हाथ केवडो छे?" तो म्हणाला. "नानो के मोटो?"

आता बायकोच्या हाताचं जगात एकच माप मला पाठ होतं. लग्नापासून दर संक्रांतीला बांगड्या मीच आणतो. सांगून टाकलं, "सव्वादोन."

"शुं सव्वादोन?"

"बांगडी. सव्वादोनची बसते. आमच्याकडे एवढ्या लहान मापाची बांगडी मोठ्या बायकांत फार कुणाला बसत नाही."

पलीकडे त्याने दुकानातल्या कुणाला तरी काहीतरी विचारलं. मग तो खूश होऊन म्हणाला, "अरे, तो नानो! एकदम नानो!"

मी 'लहान'वर खूण केली. रकाना भरल्याचं समाधान काय असतं, ते धंद्यातल्याच माणसाला कळेल.

चार दिवसांत खोकं आलं. लाकडी मूठ, चकचकीत. तिने हातात धरलं, बोटं जरा हलवली. "आवळतंय थोडं."

"नवीन आहे," मी म्हणालो. "सैल होईल."

लाकूड सैल होत नाही, हे त्या क्षणी आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. तिला न सुचणं मी समजू शकतो, ती माझं मन राखत होती.

मग सराव सुरू झाला. संध्याकाळी शाळा सुटल्यावर एका रिकाम्या वर्गात ती नेम धरायची आणि मी हवेची नळकांडी भरायचो. सायकलच्या पंपाचा मोठा भाऊ शोभेल असा तो पंप, पण चार दट्ट्यांतच दोन्ही गुडघे हार मानायचे. मुली खिडकीतून बघायच्या. एकदा एकीने विचारलंही, "बाई, सरांना पाणी देऊ का?"

छर्रे उजवीकडे जायचे. पहिल्या आठवड्यात उजवीकडे, दुसऱ्या आठवड्यातही उजवीकडे. चकतीच्या मधल्या काळ्या वर्तुळाची डावी बाजू कोरी करकरीत. चाळीस छर्ऱ्यांचे गुण दोनशे सत्तरच्या आसपास यायचे. चाप ओढणारं बोट पहिल्या पेराऐवजी दुसऱ्या पेरापर्यंत आत जायचं, आणि मधल्या बोटाचा सांधा चापाखालच्या पट्टीवर घासून सोलून निघाला होता. ती त्यावर हळद लावायची, चिकटपट्टी लावायची आणि गप्प राहायची. हे गप्प राहणं मला आवडेना. ही बाई चिडली की घरात सगळं ठीक असतं.

डहाणूच्या वर्गातले बाकीचे पुढे गेले. एक तरुण मास्तर तर तीनशे साठला पोचला. येताना बसमध्ये मांडीवर पिस्तुलाची पेटी घेऊन ती म्हणाली, "त्या मुलींना आताच सांगून टाकू का? बाटल्या धरून धरून त्यांचे खांदे दुखतात."

"काय सांगणार?"

"की बाई म्हाताऱ्या झाल्या. हात ऐकत नाही."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. पेटीवर बसमधल्या कुणाची नजर जाते का, ही माझी रोजची काळजी त्या दिवशी मी विसरलो होतो.

परीक्षेला आठ दिवस होते तेव्हा माझ्या मावशीला बघायला कासाच्या दवाखान्यात गेलो. परतीच्या जीपला वेळ होता म्हणून बाजारात उभा होतो. समोर एक कासारीण बांगड्या भरत होती. पुढ्यात बसलेल्या बाईचा हात चांगला रुंद, लांब बोटांचा. शेतात काम करणारा हात. कासारणीने तिचा अंगठा तळहातात दुमडला, सांधे चोळले, बोटं एकावर एक आणून हाताची पुंगळी केली आणि इवल्याशा बांगड्या सर्रकन वर चढवल्या.

"एवढ्या लहान बसल्या?" शेजारची म्हणाली.

"हात मोठाच आहे गं तिचा," कासारीण म्हणाली. "पण मऊ आहे. दुमडतो. बांगडीला हात किती मोठा ते नाही लागत, किती दुमडतो ते लागतं."

आमच्या तलासरीच्या कासारणीने लग्नाच्या पहिल्याच वर्षी हिचा हात चोळताना म्हटलं होतं, काय मऊ हात आहे. मी ते कौतुक म्हणून इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. पिस्तूल काही दुमडलेल्या हाताने धरत नाहीत.

दोन दिवस मी कबुली दिली नाही. देणार होतो, पण चहाच्या वेळी ती पट्टी बदलत असायची आणि जेवताना आमटी गरम असायची. तिसऱ्या दिवशी ती दुकानात डबा घेऊन आली तेव्हा म्हणालो, "जरा हात ठेव इथे. उजवा. पसरून."

"कुठे?"

"मशीनवर."

"झेरॉक्सवर?"

तिने ठेवला. दिवा सरकला, कागद बाहेर आला. काळ्या पार्श्वभूमीवर तिचा पूर्ण हात, रेषांसकट. मी पट्टी लावली. अंगठ्याच्या बेचक्यापासून पहिल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजलं आणि दुकानदाराने पाठवलेल्या तक्त्याशी ताडून पाहिलं. मध्यमच्या रकान्यातसुद्धा मावेना. मोठं.

"हे काय चाललंय अहो?"

मी सांगितलं. बांगडीपासून कासारणीपर्यंत सगळं, कागदाकडे बघत बघत.

मला वाटलं ती हसेल. निदान ओरडेल. ती स्टुलावर बसली आणि तिने चिकटपट्टी काढून सोललेला सांधा बघितला.

"एक महिना," ती म्हणाली, "मला वाटत होतं, खोट माझ्यात आहे."

बाहेर एक म्हातारबाबा सातबाराची नक्कल काढायला उभे होते. त्यांना मी उद्या या म्हणालो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

सुरतेला फोन केला. मोठी मूठ यायला तीन आठवडे. परीक्षा रविवारी. क्लबातलं जुनं पिस्तूल मागावं तर ते दुसऱ्या एका बाईंनी आधीच मागून ठेवलेलं. मी हवालदिल होऊन यादी करायला घेतली, आणखी कुणाकुणाला फोन करता येईल त्याची. ती उठली. "तुम्ही आता काही करू नका," म्हणाली.

शाळेजवळच्या पाड्यावर एक सुतार आहे. कोयते, कुऱ्हाडी, कुदळी यांना मुठी आणि दांडे बसवणारा. संध्याकाळी ती पिस्तुलाची फक्त लाकडी मूठ सोडवून त्याच्याकडे घेऊन गेली. मी मागे मागे, चार पावलं अंतर ठेवून. सुताराने मूठ उलटसुलट बघितली.

"बाई, ही कोणाच्या हाताची?"

"माझ्याच. यांनी माप दिलं."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून कामाला लागला. त्याने सरसात लाकडाचा भुसा कालवला, मुठीवर जाड लेप चढवला, तिच्या हाताला तेल लावलं आणि म्हणाला, "धर. कोयता धरते तशी नको, पिस्तूल धरते तशी धर. आणि मी सांगेपर्यंत सोडू नको."

ती हात लांब करून उभी राहिली. मुलींचं बघून शिकल्यासारखी. सुताराने बिडी ओढली, कोंबड्या हाकलल्या, आणि मधूनमधून येऊन तिच्या बोटांच्या फटींतून बाहेर आलेला लगदा बोटाने पुसला. वाळल्यावर ती मूठ इतकी कुरूप दिसत होती की मी काही बोलणार होतो. पण घरी येऊन तिने ती पिस्तुलाला परत जोडली. तिने डोळे मिटले, हात वर केला, डोळे उघडले. मग परत एकदा. तिसऱ्या वेळी तिने मान हलवली, आणि मला कळलं की निशाणं जुळलीयत.

रविवारी डहाणूला नवंच संकट. परीक्षेआधी प्रत्येक पिस्तूल एका लाकडी पेटीत घालून बघतात. पेटीत बसलं तर ठीक, नाही तर बाद. पेटी पाच सेंटिमीटर रुंद. हिचं पिस्तूल अर्धं आत गेलं आणि सुताराच्या लेपाशी अडलं. तपासनीस बाईंनी वर बघितलं. "काय लावलंय हे?"

"भुसा," ही म्हणाली.

"चालणार नाही ताई. जात नाहीये."

तपासणी संपायला वीस मिनिटं होती. हिने पर्समधून कानस काढली. सुताराने येताना दिली होती म्हणे, मला पत्ता नव्हता. हॉलबाहेरच्या पायरीवर बसून ती मुठीची बाहेरची बाजू घासत राहिली, आतली हाताची बाजू न दुखावता. भुसा तिच्या साडीवर पडत होता. मी काहीतरी करावं म्हणून पाण्याची बाटली धरून उभा राहिलो. ती म्हणाली, "उजेड अडवू नका." मी सरकलो.

दुसऱ्यांदाही अडलं, पण जरासंच. तिसऱ्यांदा तपासनीस बाईंनी हलकेच दाबलं आणि पिस्तूल पेटीत बसलं. त्यांनी नावापुढे खूण केली.

मला आत जाऊ दिलं नाही. बाहेरून छर्ऱ्यांचे आवाज येतात, पण कुठला कुणाचा ते कळत नाही. मी चाळीसपर्यंत मोजायचा प्रयत्न केला आणि दोनशेच्या पुढे गेल्यावर सोडून दिला. क्लबच्या आवारातल्या एका चिकूच्या झाडाखाली पंचवीस फेऱ्या मारल्या. मनात हाच विचार, की नापास झाली तर त्या अकरा मुलींना ती काय सांगेल. 'बाई म्हाताऱ्या झाल्या' हे तरी नको. 'सरांनी माप चुकवलं' असं सांगावं, मी खिडकीत येऊन उभा राहीन.

ती बाहेर आली तेव्हा उजवा हात अजून तसाच अर्धा मिटलेला होता. चहाचा ग्लास तिला धरता येईना, मग मी धरला आणि ती त्यातून प्यायली. लोक बघत होते. बघू देत.

"किती?" मी शेवटी विचारलं.

"तीनशे चोवीस."

"म्हणजे..."

"चार गुण जास्त." तिने अजून एक घोट घेतला. "शेवटचे दहा छर्रे डावीकडे जायला लागले होते. आयुष्यात पहिल्यांदा डावीकडे. इतका आनंद झाला की त्यातले दोन भलतीकडेच गेले."

मग ती हाताची बोटं एक एक करून उघडायला लागली. अंगठा, पहिलं बोट, मधलं. मधल्याशी थांबली, कळ आली असावी.

"उद्या मुलींना बाटल्या खाली ठेवायला सांगते," ती म्हणाली. "आधी एकेकीचा हात बघायचाय मला. नीट, उघडा करून."