मशीन सोडून देतं ती कार्डं

"मेंढरामागची जात! जाईल तिथं लेंड्या टाकणारच."

साहेब मला बोलले आणि माझ्या गठ्ठ्यातली कार्डं उपसून त्यांनी केराच्या टोपलीत टाकली. अख्खी खोली हसली. मीही हसले. त्या माझ्या हसण्याचीच जास्त चीड येते.

सांगलीतल्या एका ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आला होता. मी तिथं पंच ऑपरेटर. साहेबांनी कागदावर लिहिलेला प्रोग्रॅम कार्डांवर भोकं पाडून उतरवायचा, एका ओळीला एक कार्ड. माणदेशातल्या धनगराची पोर मॅट्रिक होऊन खुर्चीवर बसते, हेच अनेकांच्या डोळ्यांत खुपायचं. पण उतरवता उतरवता मला त्यातलं कळू लागलं. जेवणाच्या सुट्टीत मी स्वतःचे लहान प्रोग्रॅम करू लागले.

कार्डाच्या पहिल्या घरात इंग्रजी सी हे अक्षर पाडलं की मशीन ते कार्ड न वाचता सोडून देतं. ते माणसानं वाचायचं. त्यावर मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. आज काय जमलं, कुठं अडलं, का अडलं. मला शिकवायला होतं कोण? अडले की मागची कार्डं काढायची आणि स्वतःलाच विचारायचं.

तीच टोपलीत गेली.

पुढं प्रोग्रॅम शिकायला एकाला पुण्याला पाठवायचं ठरलं. मी साहेबांकडं गेले.

"तू शिकलीस कशावरून? दाखव काही."

"दाखवायचं तेच तुमी फेकून दिलंसा."

"मशीन ज्याला विचारत नाही, त्याला किंमत नसते, बाई."

पुण्याला त्यांचा भाचा गेला. त्यानं मशीनचं तोंडही पाहिलं नव्हतं. मी दिवसभर तणतणत होते.

शेजारच्या टेबलावरच्या शांताबाई कुजबुजल्या, "गप ऱ्हा गं. हाय ती नोकरी घालवशील."

"गप ऱ्हाऊनच हे झालंय, आक्का."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सी पाडून कार्डं केली. साहेबांनी हात घातला. मी गठ्ठा छातीशी धरला.

"हात लावायचा न्हाई."

या खेपेला कुणी हसलं नाही. संध्याकाळच्या आत मला टपालाच्या टेबलावर बसवलं. मशीनच्या खोलीत जायची बंदी.

घाला बंदी. रद्दीतल्या कोऱ्या कार्डांवर मी हातानं लिहिते. रोज. काय कळलं, काय चुकलं. प्रत्येकावर माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. आता कुणीही साहेब विचारू दे, शिकलीस कशावरून. गठ्ठा त्याच्यापुढं आदळीन आणि म्हणेन, वाच.