चार माग आणि एक इयत्ता

आमच्या लॅबमध्ये नवीन लागलेल्या मुलीने परवा मला विचारलं, ऑनलाइन शाळा चालते का हो? तिचा मुलगा पाच वर्षांचा आहे, नवरा बेंगळुरूला असतो, आणि आमच्या ड्युट्या काही मुलांच्या शाळा बघून लावलेल्या नसतात. कुठल्या तरी शाळेचं पत्रक तिने मोबाइलवर दाखवलं. घरबसल्या शिक्षण, पालकांना मोकळीक, वगैरे. मी रक्ताचे नमुने लावत होते. चालते, म्हणून मोकळी झाले. मग ती गेल्यावर हातातलं काम दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा लावलं, आणि कळलं की आपण अर्धंच उत्तर दिलं आहे.

मी मूळची निपाणीकडची. लग्नानंतर बेळगावात आले तेव्हा खासबागेत एका विणकराच्या घरी मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. पुढे शेड, शेडमध्ये चार यंत्रमाग. मालकीणबाईंना मी पहिल्या दिवसापासून आक्का म्हणत आले. त्या घरात सकाळी माग सुरू झाले की कुणी कुणाशी बोलत नसे, म्हणजे आवाजाने बोलत नसे. माझी पहिली समजूत अशी की नवरा-बायकोचं भांडण झालंय. नंतर कळलं की चार मागांच्या खडखडाटात ओरडून घसा फोडण्यात अर्थ नसतो, म्हणून ही माणसं ओठ मोठे हलवतात, आवाज काढतच नाहीत, आणि बाकीचं हाताने सांगतात. चहाला हाक, धागा तुटलाय, पाहुणा आलाय, सगळ्याला खुणा. आकड्यांनाही. मिटलेली मूठ म्हणजे दहा, त्यावर जेवढी बोटं उघडतील तेवढे वरचे. पाच वर्षं राहून मलाही ते वाचता यायला लागलं होतं.

मग आम्ही टिळकवाडीत फ्लॅट घेतला. मुलगी तिथेच झाली. शाळेच्या फॉर्मवर टिळकवाडीचा पत्ता लिहिताना मला बरं वाटलं होतं, हे कशाला लपवू.

ती पहिलीत गेली त्याच वर्षी शाळा बंद झाल्या आणि फोनवर आल्या. आमचं दोघांचंही काम बंद होण्यातलं नव्हतं. माझं हॉस्पिटल, आणि ह्यांची लोंढ्याला रेल्वेत नोकरी. प्रवासी गाड्या थांबल्या तरी मालगाड्या थांबल्या नव्हत्या. सहा वर्षांच्या मुलीला फोन देऊन फ्लॅटमध्ये कुलपात ठेवणं शक्य नव्हतं. हॉस्पिटलवाल्यांच्या घरातलं मूल म्हणून शेजारी दारही उघडत नव्हते. मी आक्काला फोन केला. तिने एवढंच विचारलं, पोरगी काय खाती? दुसऱ्या दिवशीपासून मी तिला सकाळी स्कूटरवरून खासबागेत सोडायला लागले. मागचीच आमची जुनी खोली, तिथे एक स्टूल, स्टुलावर फोन, कानात इयरफोन.

पहिल्याच आठवड्यात गडबड झाली. टीचरनी हिचं नाव घेतलं, हिने माईक चालू केला, आणि चार मागांचा खडखडाट चाळीस घरांत गेला. टीचर काही वाईट बोलल्या नाहीत. पण पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की काहींच्या घरी कारखाना आहे का, आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी ते दुपारी डबा खाताना वाचलं. माझा डबा तसाच राहिला.

त्या संध्याकाळी मी दोन गोष्टी केल्या. खोलीतल्या भिंतीला घरची फुलाफुलांची चादर टाचून दिली, म्हणजे कॅमेऱ्यात मागचं काही दिसू नये. आणि मुलीला समोर बसवून सांगितलं, शाळा चालू असताना माईक कधी म्हणजे कधीच लावायचा नाही. उत्तर येत असेल तर वहीत लिहायचं आणि वही दाखवायची. शाळेत आवाज करायचा नाही. हे मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. चौथ्यांदा तिने नुसती मान हलवली, आणि मला वाटलं, काय शहाणं लेकरू आहे.

खरोखर शहाणी होती. दीड वर्षात तिने एकदाही माईक लावला नाही. तोंडी परीक्षा असली की रविवारी टिळकवाडीच्या घरात, पंखा बंद करून, मी तिचा व्हिडिओ काढायची. चुकली की परत. सहाव्या वेळी जमायचं, तेवढा मी पाठवायची. घरी तिची बडबड अखंड चालायची, संध्याकाळी आंघोळ घालताना तर कान किटायचे. टीचरचे शेरे चांगले येत होते. लॅबमध्ये मी सगळ्यांना सांगत होते की आमचं उत्तम चाललंय, उगाच लोक रडतात. कागदावर आलेलं खरं मानायची माझी सवय, धंदाच तो.

शाळा उघडली तेव्हा ती दुसरीत होती. सगळी मुलं मास्क लावून, एका बाकावर एक. तीन आठवड्यांनी टीचरनी, फोनवरच्या त्याच, बोलावून घेतलं. तरुण मुलगी, बोलताना हातातला खडू फिरवत होती. म्हणाल्या, ही वर्गात बोलतच नाही. काही विचारलं की उभी राहते आणि तशीच बसते. कान एकदा तपासून घ्याल का? माझं डोकंच फिरलं. घरी येऊन बघा किती बोलते ते, असं मी जरा वरच्या पट्टीतच म्हटलं. तरी आमच्याच हॉस्पिटलात कान तपासले. अहवाल ठणठणीत. तो कागद मी शाळेत नेऊन टेबलावर ठेवला, जरा आपटलाच. टीचर म्हणाल्या, मग तर जास्त अवघड आहे. महिनाभर बघू, नाहीतर हिला परत पहिलीत बसवलेलं बरं. हेडमास्तरीणबाईंचंही तेच मत होतं.

मुलीला घरी विचारलं, वर्गात बोलत का नाहीस? ती म्हणाली, बोलते की. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. रात्री जेवताना ती ह्यांच्याशी बोलली पण माझ्याशी नाही.

शेवटी मी एक दिवस रजा टाकली आणि टीचरना विचारून वर्गाच्या मागच्या खिडकीशी उभी राहिले. गणिताचा तास होता. सात अधिक पाच. टीचरनी हिच्याकडे बोट केलं. ही उठली. वर्ग शांत. टीचर थांबल्या, पुन्हा विचारलं, पुन्हा थांबल्या. मला तिचं अर्धं तोंड दिसत होतं, तेही मास्कमध्ये झाकलेलं. त्या मास्कचं कापड आत-बाहेर होत होतं. आणि खाली, फ्रॉकच्या कडेला, तिचा उजवा हात. मूठ मिटली. मग मुठीवर दोन बोटं उघडली.

बारा.

टीचर म्हणाल्या, बस. ती बसली. पुढच्या दहा मिनिटांत आणखी दोन प्रश्न तिच्याकडे आले आणि दोन्ही वेळा तिने हाताने बरोबर उत्तर दिलं. बसताना ती जरा इकडेतिकडे बघायची, कुणाला कळलं का, आणि मग पुस्तकात मान घालायची. तिला वाईट वाटत नव्हतं. सवय झाली होती. ती खोटं बोलत नव्हती. शाळा म्हणजे जिथे ओठ हलवायचे आणि आवाज काढायचा नाही ती जागा, हे तिला दीड वर्ष शिकवलं होतं, आणि शिकवणारी मी होते.

टीचरना सगळं सांगितलं. चादरीचंसुद्धा सांगितलं. त्यांनी फिरवायचा खडू टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, मी एकदा तरी विचारायला हवं होतं, पण फोनवरच्या चाळीस चौकटींत जी गप्प असते तिचं बरं चाललंय असं वाटतं. त्यांनी तिथून पुढे महिना दिला. घरी मी तिला मोठ्याने बोल, मोठ्याने बोल म्हणून दामटायला लागले. घरी ती मोठ्याने बोलतच होती. शाळेत मूठच.

मग मी खासबागेत गेले. मागच्या खोलीत आक्काशी बोलताना माझ्या तोंडून निघून गेलं की तुमच्या शेडमध्ये राहून हे झालं. आक्काच्या हातात सुताच्या कांड्यांची टोपली होती. तिने ती खाली ठेवली.

"माझ्या घरात पोरगी मुकी झाली म्हणतीस व्हय?"

मी तसं म्हटलं नाही, म्हणत राहिले. तिने ऐकून घेतलं नाही. तिचे डोळे भरले होते, आणि मला लाज वाटली, कारण त्या दीड वर्षात माझ्या मुलीला वेळेवर खाऊ घालणारी, तापात कपाळावर पट्ट्या ठेवणारी, इंग्रजीचं अक्षर कळत नसताना फोनची बॅटरी संपू न देणारी तीच होती. आवाजाची लाज मला होती, तिला नव्हती. ती टोपली उचलून शेडमध्ये, चालू मागांत गेली आणि दारातून वळली. मग तिने ओठांनी सांगितलं, उद्या तीनला घेऊन ये.

त्या घरात माग फक्त अमावास्येला बंद ठेवतात. त्या दिवशी मागाला हळदकुंकू वाहतात, बाकी चालू दिवसात माग थांबला तर शेजारी विचारायला येतात, घरात काही झालं का म्हणून. दुसऱ्या दिवशी तीन वाजता आक्काने स्वतः जाऊन चारही माग बंद केले. मालक काही पुटपुटले आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. शेजारचा एकजण खरंच दारात आला. त्याला आक्काने शाळा हाय म्हणून परत पाठवलं. शेड इतकी शांत मी पाच वर्षांत पाहिली नव्हती. सुताचे बारीक तंतू हवेतून हळूहळू खाली येत होते.

तिने मुलीला एका टोकाला उभं केलं, हातात कन्नडचं पुस्तक दिलं. कन्नड आक्काला चांगलं येतं. स्वतः ती दुसऱ्या टोकाला गेली, पाट घेतला, आणि भिंतीकडे तोंड करून, मुलीकडे पाठ करून बसली.

"मी बघणार न्हाय बग," ती म्हणाली. "मला ऐकायचं हाय."

मुलीने मास्क काढला होता. ती पुस्तकात बघून ओठ हलवायला लागली, स्वच्छ, मोठे मोठे, एकेक शब्द नीट. दारात उभ्या मला सगळं वाचता येत होतं. आक्का हलली नाही. मुलगी थांबली, पाय आपटला. आक्का हलली नाही. मुलीने हात वर करून खूण केली, इकडे बघ. आक्कासमोर भिंत होती, तिला ती खूण कशी दिसणार. मी पुढे जाणार होते. काय करणार होते कोण जाणे, बहुतेक परत दामटणारच होते. तेवढ्यात त्या रिकाम्या शेडमध्ये एक बारीक आवाज आला.

"आक्का, ऐकू येतंय का?"

त्या वर्षी हे वाक्य घराघरांत दिवसातून शंभरदा म्हटलं जायचं. आमच्या घरात ते तिने कधी म्हटलं नव्हतं, कारण तिला परवानगी नव्हती.

"येतंय," आक्का भिंतीकडे बघत म्हणाली. "वाच."

तिने दोन ओळी वाचल्या आणि ती अडली. पुस्तकावरून मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या ओठांकडेच बघत होते, सवयीने, पुढचा शब्द ओठांवरून उचलायला.

"आई," ती म्हणाली, "तूपण पाठ फिरव."

मी फिरवली. समोर शेडचं दार, दारापलीकडे कट्ट्यावर मालक, त्यांच्या हातातला विझलेला विडीचा तुकडा. मागून धडा सुरू झाला. ती अडखळली, परत मागे गेली, एक ओळ दोनदा वाचली, एका जोडाक्षराशी झटापट करून जिंकली. मी सहा वेळा काढून पाठवलेल्या कुठल्याच व्हिडिओत हे नव्हतं. माझे डोळे वाहत होते, आणि मी पुसले नाहीत, कारण हात हलवला असता तर ती थांबली असती.

पुढचे वीस-बावीस दिवस रोज तीन वाजता आक्काचे माग अर्धा तास बंद राहिले. वर्गातही टीचर तिला प्रश्न विचारून फळ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. महिना भरायच्या आत, एका गुरुवारी, तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं. चुकीचं होतं. टीचरनी मला लगेच फोन करून ते चुकीचं उत्तर सांगितलं, आणि आम्ही दोघी फोनवर वेड्यासारख्या हसलो. पहिलीत परत बसवण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

काल त्या लॅबमधल्या मुलीला बोलावून उरलेलं उत्तर दिलं. म्हटलं, शाळा चालते, माझ्या मुलीला सात अधिक पाच त्या फोननेच शिकवलं. फक्त शाळा सुरू झाली की एक दिवस रजा टाक. मुलगा शिकत असेल तेव्हा त्याच्या खोलीत जा, त्याच्याकडे पाठ करून बस, आणि तास संपेपर्यंत उठू नकोस. तिने विचारलं, पाठ करून कशाला? मला सगळं सांगता आलं नसतं. तिची ड्युटी सुरू झाली होती, बाहेर नमुने द्यायला लोक थांबले होते. बसून बघ, एवढंच म्हटलं, आणि जर तासभर काहीच ऐकू आलं नाही, तर त्याच दिवशी मला येऊन सांग.