जिवावर येणं आणि जिवावर बेतणं

दुष्काळाच्या त्या साली आमच्या दूध सोसायटीनं तलवाड्यात पाण्याचा टँकर लावला होता. चालवायचा माझा धाकटा दीर. एका दुपारी बीडहून परतताना मी त्याच्याच शेजारी बसले होते. तोंडाला रुमाल बांधलेल्या दोघांनी बैलगाडी आडवी घातली. एक जण पायरीवर चढला, खिडकीतून ऊसतोडीचा कोयता दिराच्या मानेला लावला आणि म्हणाला, "वळव." तेवढंच. टँकर एका मोसंबीच्या मळ्यात रिकामा होईस्तोवर कोयता काही हलला नाही. तिथून दीर थेट चौकीत गेला, आणि पाणी परस्पर दिलं म्हणून गुन्हा त्याच्यावरच लागला.

आमच्या वकिलांनी मला नीट समजावलं. "मावशी, मरण त्याच घडीला समोर होतं का, एवढंच कोर्ट बघणार. 'उद्या बघून घेतो' असल्या धमकीला सूट नाही. आणि धाकानं का होईना, दुसऱ्याचा जीव घेतला तर मुळीच नाही."

आता एवढं सोपं असताना दिरानं घोळ घातला. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, टँकर का वळवला? हा म्हणाला, "जिवावर आलं, साहेब." झालं. दुसऱ्या दिवशी मी साक्षीला उभी राहिले, तर सरकारी वकील हसतच उठले.

"तुमचे दीर म्हणतात जिवावर आलं. म्हणजे गावापर्यंत जायचा कंटाळा आला?"

मागचे लोक हसले. दिरानं मान खाली घातली.

मी म्हणाले, "साहेब, उन्हात भांडी घासायचं माझ्या जिवावर येतं. तो कंटाळा. ह्याच्या जिवावर आलं ते मरन. आमच्याकडं दोन्हीला येकच बोलतेत. तुमी 'बेतलं' म्हना, हवं तर."

"तो माणूस 'मारीन' म्हणाला का?"

"न्हाई."

आमच्या वकिलांनी डोळे मिटले. पण खोटं कशाला बोलू?

"मग धमकी कुठं होती, बाई?"

"कोयता मानेला लावल्यावर कोन बोलत बसतंय, साहेब?"

न्यायाधीश साहेब टंकलेखकाला म्हणाले, "बाईंचं वाक्य जसंच्या तसं घ्या."

दीर सुटला. सोसायटीनं किल्ली परत त्याच्याच हातात दिली. पहिल्या खेपेला पाण्यावर जमलेल्या बायांतली माझी एक फटकळ जाऊ त्याला म्हणाली, "आन भाऊजी, उद्या परत कुनी कोयता लावला तर?"

"वळवीन," तो म्हणाला. "आन येऊन सांगीन."

खरं बोलणाऱ्यावर रागावायचं तरी कसं? मग आम्हीच ठरवलं, रोज पाळीनं चौघींनी टँकरवर बसून जायचं. पाऊस पडेपर्यंत आमची पाळी एकदाही चुकली नाही, आणि टँकर पुन्हा कुणी अडवला नाही.