लढाईहून परतलेले आमचे दोघे

वेड्यांच्या डॉक्टरकडे कंपाउंडर होतो म्हटलं की लोक पाट पुढे सरकवतात. "सांगा ना एखादा किस्सा." त्यांना हसायचं असतं. हसण्यासारखे किस्से आहेतही. पण एक सांगताना दुसराच आठवतो, आणि मग सगळ्यांचा चहा गार होतो.

आमचे डॉक्टर जोगळेकर विलायतेहून मनाच्या आजारांचा अभ्यास करून आले आणि रत्नागिरीत खाडीच्या अंगाला घर घेऊन त्यांनी छोटं इस्पितळ काढलं. पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. लढाईच्या धक्क्याने माणूस वेडा होत नाही, आजारी पडतो. त्याला बोलतं केलं की तो बरा होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. अडचण एवढीच, की बोलायला कोणी तयार नव्हतं.

*

सखाराम लांज्याकडचा. इराकात, तुर्कांविरुद्धच्या बसऱ्याच्या लढाईत पलटणीबरोबर होता. साधं भांडं पडलं तरी खाटेखाली शिरायचा. डॉक्टर रोज त्याच्यासमोर बसून विचारायचे, "सखाराम, तिथे काय पाहिलंस?" तो छपराकडे बघत राहायचा.

एक दिवस त्यानेच विचारलं, "डाक्तर, तुमच्या घरात पोरं हायत ना?"

"दोन मुली आहेत."

"मग नको. तुमी संध्याकाळी घरी जाता."

*

दुसरा इस्माईल, जयगडचा खलाशी. त्याला कोणीतरी आमच्या दारात आणून सोडलं होतं. काय झालंय ते सांगायलाही कोणी थांबलं नाही. मधूनच खवळायचा. खवळलेल्या रोग्याच्या डोक्यावर गार पाणी ओतावं, असं विलायतेच्या पुस्तकात होतं. आम्ही दोघं त्याला धरायचो, तिसरा ओतायचा. तो जास्त ओरडला की आम्ही जास्त ओतायचो.

पुढे त्याची आई भेटायला आली. तिच्याकडून कळलं, की लढाईत त्याची बोट फुटली आणि हा एका फळीला धरून समुद्रात तरंगत राहिला होता. बरोबरचे सगळे बुडाले.

डॉक्टर तसेच त्याच्या खाटेपाशी गेले. "इस्माईल, आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होतो की साहेब. तुम्ही ओतत होतात तेव्हा."

त्या दिवशी डॉक्टर जेवले नाहीत. पाणी ओतणं कायमचं बंद झालं.

*

मग डॉक्टर इस्माईलला मांडवीच्या किनाऱ्यावर न्यायला लागले. आधी लांबून, झाडाआडून. हळूहळू जवळ. एकदा दोघं थेट ओल्या वाळूत बसले, पण समुद्राकडे पाठ करून. इस्माईलला तेवढंच जमत होतं, म्हणून डॉक्टरही तसेच बसले. ओळखीचे एक वकील फिरायला आले होते. ते थांबून म्हणाले, "काय डॉक्टर, यातला रोगी कोणता?"

इस्माईल म्हणाला, "पाळीपाळीने होतो, साहेब."

डॉक्टरांना इतकं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

इस्माईल पुढे गावी गेला. जाळी दुरुस्त करायचा, पण होडीत पाऊल ठेवलं नाही. तो बरा झाला का, असं कोणी विचारलं तर डॉक्टर म्हणायचे, "घरी गेला."

*

एकदा मुंबईहून लष्कराचे बडे गोरे डॉक्टर आले. सखारामला वरून खाली पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाले, "हा आजार ऑफिसरांना होतो. शिपाई ढोंग करतात."

आमच्या डॉक्टरांनी याचं मराठी केलं नाही. पण पलटणीत राहिलेल्या सखारामला तेवढं इंग्रजी कळत होतं. तो म्हणाला, "साहेबास्नी इचारा, ढोंगावर औषद हाय काय? मना पायजे."

*

आणि हा एक.

सखारामच्या गावची एक बाई आली. तिचा नवरा रामा सखारामच्याच पलटणीत होता आणि तुर्कांच्या वेढ्यात सापडून तिकडेच मेला. तिथे दाणागोटा संपून शेवटी शिपायांनी खेचरं कापून खाल्ली, एवढं आम्हाला पेपरातून ठाऊक होतं. बाईला फक्त मेल्याचं कळवलं होतं. तिला सखारामला भेटायचं होतं.

डॉक्टर तिला परत पाठवणार होते. सखारामचं दुखणं उलटेल, ही त्यांना भीती. पण तिचा आवाज ऐकून सखाराम आपणहून ओटीवर आला.

"दादा, माझा माणूस कसा गेला? तुमी जवळ व्हतात."

सखाराम तिच्यासमोर जमिनीवर बसला. हात मांडीखाली दाबून धरले.

"वहिनी, रामा जेवला. तुमची, पोराची आठवन काढली. मग निजला, त्यो उठलाच नाय."

"जेवला व्हता?"

"भात व्हता. मीच वाढला."

बाई पदरात तोंड घालून रडली. मग म्हणाली, "इतकी वर्सं मना वाटायचं, उपाशी गेला." सखारामच्या पाया पडायला वाकली, त्याने पाय मागे घेतले. ती उठली आणि घाटीच्या पायऱ्या उतरून गेली.

सखाराम तिथेच बसून होता. तिथूनच म्हणाला, "डाक्तर, आता इचारा. काय पायजे त्ये इचारा."

डॉक्टर खुर्चीवरून उठले आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसले.