खिडकी कापणारे प्रल्हादभाऊ

कुठलाही पत्रा कापायला घेण्याआधी प्रल्हादभाऊ त्यावर बोटाच्या पेराने टकटक करत आणि कान लावून ऐकत. पत्रा कूलरचा असो की कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा, ही टकटक चुकत नसे. "टीन कोठी ढिलं हाये, कोठी ताणलं हाये, ते सोताच सांगते," ते म्हणायचे. "आपून इचारत नाही, म्हणून फाटते."

अकोल्यात कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं कूलर बनवायचं दुकान होतं. मी मूळची अमरावतीची. अकोल्याच्या एका तंत्रनिकेतनात संगणक शिकवायला आले आणि भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहू लागले. चालू कॉम्प्युटर आतून कसा दिसतो, हे मुलांना दाखवायची माझी फार इच्छा होती. पण बाजूचा पत्रा काढून ठेवला की धूळ जायची, कोणीतरी हात घालायचं. त्या पत्र्यालाच खिडकी पाडून ॲक्रिलिकची काच बसवावी, असं मनात आलं. वर्कशॉपमधली जिगसॉ, म्हणजे विजेवरची करवत, घेऊन मीच बसले. पातं निसटलं आणि काळ्या रंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा उठला. तो पत्रा घेऊन मी त्यांच्या दुकानात गेले.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. "घाई कोणाले होती? तुमाले का कॉम्प्युटरले?"

मी त्यांना खिडकीचा बेत सांगितला.

"अन् याले खिडकी काहून पायजे? याले भाईर पाहाचं हाये का?"

"त्याला नाही भाऊ, पोरांना आत पाहायचं आहे."

ते पहिल्यांदा हसले. "हे बरं हाये. ठेवा."

मी ठेवून गेले नाही, तिथेच बसले. आधी त्यांनी रंगाच्या बाजूला कागदी टेप चिकटवली आणि त्यावर पेन्सिलीने चौकोन आखला. चारी कोपऱ्यांत ड्रिलने भोकं पाडली. "पात्याले वळाले जागा लागते. माणूसबी कोपऱ्यात अडकला त वाकडाच कापते." पत्रा थरथरू नये म्हणून खाली फळी घातली, बारीक दातांचं पातं लावलं आणि मग कुठे मशीन सुरू झालं. कापून झाल्यावर कानस. आणि कानशीनंतर त्यांनी खिशातून कापसाचा बोळा काढला व कापलेल्या कडेवरून हळूच फिरवला. एक तंतू अडकला, तर पुन्हा कानस. चार वेळा असं झालं. पाचव्यांदा बोळा सुळकन फिरला, तेव्हा कडेला रबराची पट्टी बसली.

ॲक्रिलिक त्यांनी खिडकीपेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठं कापलं. ओरखडे नकोत म्हणून त्यावरचा कागद शेवटपर्यंत काढू दिला नाही. बोल्टची भोकं मात्र मला फार मोठी वाटली. तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "मे महिन्यात हे फुगते मॅडम. गच्च आवळलं त तडकते. आपलं अकोला हाये, उन्हाळ्यापुरती जागा सोडावीच लागते."

त्यानंतर आमच्या लॅबमधल्या आणखी कॅबिनेटना त्यांनी खिडक्या पाडल्या. सुरुवातीला मी कामापुरती जायची. मग अमरावतीला आई वारली, घरी जाण्याचं कारण उरलं नाही, आणि रविवार मोकळे पडले. एका रविवारी मी काम नसतानाच दुकानात गेले. भाऊंनी काही विचारलं नाही. स्टूल पुसलं आणि माझ्या हातात कानस दिली. पुढची सहा वर्षं माझे रविवार तिथेच गेले. आम्ही फारसं बोलत नसू. टीन बोलत असे.

त्यांची बायको, शांतावहिनी, पुण्याला मुलाकडे होत्या. नातू झाला तेव्हा दोन वर्षांसाठी म्हणून गेल्या होत्या. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. "थे तिकडे, मी इकडे," भाऊ म्हणत. मी एकदा विचारलं, "तुम्ही का नाही जात?" ते म्हणाले, "गेलो होतो. त्या बिल्डिंगमंधी आवाज कराची बंदी हाये. मले त आवाजाशिवाय दुसरं काही येत नाही."

मुलगा कॉम्प्युटरचं काम करतो, एवढंच त्यांना माहीत होतं. एके दिवशी त्यांनी माझ्याकडे एक जुनं कॅबिनेट मागितलं. "नातवासाठी करून राहिलो. त्याले दिसलं पायजे, त्याचा बाप कायच्यात डोकं घालून बसते." तीन आठवडे त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. तशी खिडकी त्यांनी पुन्हा कधी केली नाही. गोल कोपरे, आणि वर पंख्यासाठी जाळी, तीही हाताने कापलेली. आतला कॉम्प्युटर मी जोडून दिला. पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन ते पुण्याच्या गाडीत बसले.

चौथ्या दिवशी परत आले. पोतं सोबतच होतं.

"काय झालं भाऊ?"

"काही नाही." बराच वेळ ते टीनाचे तुकडे आवरत राहिले. "त्याईच्या घरी सगळे मांडीवरचे कॉम्प्युटर हायेत. पातळ, वहीसारखे. नातू बोटानं चालवते. मंग म्या काढलंच नाही पोत्यातून. इचारलं त सांगतलं, कोणाचं तरी सामान हाये." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमच्या लॅबमंधी ठेवा. पोट्ट्यायले तरी दिसन."

गेल्या एप्रिलमध्ये दुपारी दुकानातच त्यांच्या छातीत दुखू लागलं. शेजाऱ्यांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. मी परीक्षेच्या खोलीत होते, फोन बंद. फोन सुरू केला तेव्हा सगळं संपलं होतं.

तेरवीनंतर शांतावहिनी दुकान पाहायला आल्या. मुलगा बाहेर कोणाशी तरी फोनवर बोलत होता. मी वहिनींना याआधी पाहिलेलं नव्हतं. त्यांना मात्र मी माहीत होते. "तुमीच का रविवारच्या मॅडम?" त्यांनी विचारलं. मी स्टूल पुढे केलं. बोलता बोलता लॅबमधल्या त्या कॅबिनेटचा विषय माझ्या तोंडून निघून गेला आणि मी जीभ चावली.

"मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "ते आंघोळीले गेले तवा म्या पोतं उघडून पाह्यलं होतं. हात फिरवला, अन् होतं तसंच बांधून ठेवलं. वाटलं, आज देतीन, उद्या देतीन. मी बोलली असती त त्याईले लाज वाटली असती." त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही. समोरच्या अर्धवट कूलरकडे पाहत राहिल्या. मग एकदम माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, ते जेवत होते का वो बरोबर? सांजच्याले काय खात होते?"

कुठल्या पत्र्याला कुठलं पातं लावावं, हे मी त्यांच्याकडून शिकले होते. बोल्टच्या भोकाला किती जागा सोडायची, हे झोपेतही सांगितलं असतं. पण दुकान बंद केल्यावर तो माणूस घरी जाऊन काय खातो, हे सहा वर्षांत एकदाही मी विचारलं नव्हतं.

"जेवत होते वहिनी," मी म्हटलं. "व्यवस्थित."

त्यांनी मान हलवली. पुन्हा काही विचारलं नाही.